फॉर्म, शीट आणि आपोआप होणारी कामं: कोकणातल्या छोट्या धंद्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळ्यात कुडाळात मी रविवारी सकाळी एक छोटा वर्ग घेते. कोड न लिहिता धंद्याचे फॉर्म कसे करायचे आणि त्यांच्यामागची कामं आपोआप कशी चालवायची, एवढाच विषय. आंबा बागायतदार येतात, होमस्टे चालवणाऱ्या वहिनी येतात, काजूच्या कारखान्यात हिशेब बघणारी पोरं येतात. एक काका गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायची जागा, चालवतात, तेही येतात. प्रश्न बहुतेक तेच असतात आणि आठवडाभर फोनवर मी तीच उत्तरं देत बसते. म्हणून ती एकदाची लिहून काढली.

नो-कोड म्हणजे नेमकं काय?

प्रोग्रॅमिंगची भाषा न लिहिता, पर्याय निवडून आणि चौकोन जोडून केलेलं काम. ग्राहक फॉर्म भरतो, ती माहिती एका तक्त्यात ओळ होऊन बसते, आणि नवी ओळ आली की पुढचं काहीतरी आपसूक घडतं. ग्राहकाला पोच जाते, तुम्हाला मेल येतो, कॅलेंडरवर तारीख चढते. वर्गात मी याला ‘झालं की कर’ म्हणते. अमुक झालं की तमुक कर. यातल्या ‘झालं की’ला ट्रिगर म्हणतात आणि ‘कर’ला ॲक्शन. कुठलंही साधन उघडलंत तरी हे दोन शब्द भेटणारच, तेवढे लक्षात ठेवा.

एका काकूंचा प्रश्न, जसाच्या तसा: “ह्या माका जमतला?”

जमतला. ज्यांना व्हॉट्सॲपवर ग्रुप काढता येतो आणि त्यातून नणंदेला गुपचूप वगळताही येतं, त्यांना फॉर्म करता येतो. एमएस-सीआयटी झालेलं असेल तर तक्त्याची भीती गेलेली असते, हा फायदा. इंग्रजी बटणांचे पंधरा-वीस शब्द पाठ होतात. फॉर्मचे प्रश्न आणि उत्तरं सगळी मराठीत ठेवता येतात, आणि टाइप करायचा कंटाळा असेल तर फोनच्या कीबोर्डवरचा माइक दाबून मराठीत बोलायचं. मालवणीत बोललात तर मात्र तो काय लिहील ते आधी वाचून बघा.

सुरुवात कुठून करायची? कोणतं ॲप डाउनलोड करू?

आधी वही आणा. पहिल्या रविवारी मी कुणाला कॉम्प्युटर उघडू देत नाही. ज्या वहीत तुम्ही सध्या ऑर्डरी लिहिता ती वही, कॅलेंडरच्या मागची पानं, किराण्याच्या पावतीवर लिहिलेले नंबर, सगळं टेबलावर ठेवायचं.

एका बागायतदार काकांची वही मला अजून आठवते. डावीकडे नाव आणि गाव, मग पेट्यांचा आकडा. काही नावांभोवती लाल पेनाने गोल, काहींवर आडवी रेघ, काहींपुढे नुसता एक टिंब. मी विचारलं, टिंब कसला? म्हणाले, “पेटी ट्रॅव्हल्सच्या गाडीत टाकली, पण पोच मिळाली नाही.” आणि गोल? “पैसे यायचेत.” रेघ म्हणजे सगळं मिटलं. आणि एका नावापुढे फुली होती, तिचं उत्तर द्यायला ते जरा घुटमळले. मग म्हणाले, “ह्यांना पुढच्या वर्षी द्यायचं नाही.”

काकांना वाटत होतं आपल्याकडे काही ‘सिस्टीम’ नाही. होती की! ऑर्डर आली, गाडीत टाकली, पोच आली, पैसे आले, मिटलं. शीटमध्ये याचा एक रकाना होतो, ‘स्थिती’ नावाचा, आणि त्यात हे पाच पर्याय. आपोआप करायचं प्रत्येक काम पुढे याच रकान्याला टांगलं जातं. ‘गाडीत टाकली’ निवडलं की ग्राहकाला गाडीची माहिती जावी. टिंबाला दोन दिवस झाले की मला आठवण यावी. हे त्यांनी कागदावर अर्ध्या तासात सांगितलं. फॉर्म करायला दुसऱ्या रविवारी चाळीस मिनिटं लागली.

जे काम तुम्ही हाताने निदान एक मोसम केलेलं नाही, ते आपोआप करायच्या फंदात पडू नका. कुठे अडतं हेच तुम्हाला ठाऊक नसतं.

बरं, वही झाली. आता साधन कोणतं?

दहापैकी आठ जणांना मी गुगल फॉर्म्स आणि गुगल शीट्स सांगते. फुकट आहे, फोनवर चालतं, आणि अडलात तर गावात कुणीतरी सांगणारं सापडतं. फॉर्ममधली उत्तरं थेट शीटमध्ये जातात, प्रत्येक ओळीला तारीख-वेळ आपोआप लागते. ‘ऑर्डर नेमकी कधी दिली होती’ हा वाद तिथेच संपतो.

त्यापुढे गरजेप्रमाणे. शीटवरून फोनचं ॲप हवं असेल तर ॲपशीट आहे. ते २०२० साली गुगलने विकत घेतलं. दहा जणांपर्यंत चाचणी म्हणून फुकट वापरता येतं. वेगवेगळी साधनं एकमेकांना जोडायची असतील, म्हणजे फॉर्मची माहिती कॅलेंडरात, तिथून मेलमध्ये, तर झॅपियर किंवा मेक. मेकचं पूर्वीचं नाव इंटिग्रोमॅट, जुन्या व्हिडिओंत तेच दिसतं, गोंधळू नका. ऑफिसात मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर फॉर्म्स आणि पॉवर ऑटोमेट आधीच तुमच्याजवळ असतात, बऱ्याच जणांना ते माहीतही नसतं. आपल्याकडची झोहो कंपनी, चेन्नईची, तिची फॉर्म्स, क्रिएटर आणि फ्लो अशी तिन्ही साधनं आहेत. बिल, साठा, ग्राहक सगळं एका छताखाली हवं असेल तर ती बघण्यासारखी.

तुलनेचे व्हिडिओ बघत बसू नका. एका मुलाने तीन महिने तुलना केली, तोवर हापूस संपला.

साध्या पोचेसाठी पण झॅपियर लागतं का?

नाही. फॉर्मच्या सेटिंगमध्ये भरणाऱ्याला त्याच्या उत्तरांची प्रत मेलने पाठवायची सोय आहे. उत्तरांच्या पानावर तीन टिंबांत ‘नवं उत्तर आलं की मला मेल कर’ हेही आहे. निम्म्या लोकांचं काम या दोन खटक्यांवर भागतं, आणि तरी ते पैसे भरायला निघालेले असतात.

फॉर्ममध्ये किती प्रश्न असावेत?

ज्याच्या उत्तराने तुमचं पुढचं काम बदलतं तेवढेच. हापूसच्या ऑर्डरीचा फॉर्म घ्या. नाव, दहा आकडी मोबाइल, पत्ता, सहा आकडी पिनकोड, किती डझन, फळ कच्चं हवं की तयार. आणि कधी हवं.

या शेवटच्या प्रश्नात सगळे फसतात. गुगल फॉर्ममध्ये तारखेचा प्रश्न असतो, लोक हौसेने तो टाकतात, मुंबईचा ग्राहक ‘१४ एप्रिल’ निवडतो आणि मग १४ एप्रिललाच आंबा मागतो. झाडाला तारीख कोण सांगणार? उकाडा वाढला की पाड लवकर लागतो, मळभ राहिलं की लांबतो. म्हणून तारीख विचारू नका, आठवडा विचारा: एप्रिलचा पहिला, दुसरा, असे पर्याय. शेवटी ‘जेव्हा चांगला असेल तेव्हा’ हाही पर्याय ठेवा. जुने ग्राहक नेमका तोच निवडतात.

डझनाचा प्रश्नही लिहायला मोकळा ठेवू नका. कुणी ‘दोन’ लिहितं, कुणी ‘२ किंवा ३ बघू’, कुणी ‘गेल्या वर्षीएवढेच’. शीट अक्षरांची बेरीज करत नाही, ती त्यांना चुपचाप सोडून देते आणि एकूण आकडा कमी दाखवते. गाडी भरताना कळतं. त्यापेक्षा १, २, ४, ५ असे पर्याय देऊन मोकळे व्हा.

ईमेल सक्तीचा करू नका. दादरच्या मावशींना ईमेल विचारला की त्या फॉर्म सोडून सरळ फोन करतात, मग फॉर्मचा उपयोग काय?

एकाच वाडीत एकाच आडनावाची दहा घरं आहेत. नावावरून घोळ होतो.

होणारच. इथे मी गणपतीच्या शाळेचं उदाहरण देते. मूर्ती करायला देताना माणूस आपला पाट घेऊन येतो. पाटावर नाव, वाडी लिहिलेली असते आणि मूर्ती त्या पाटावरच घडते. चतुर्थीच्या आदल्या दिवशी कितीही गर्दी असो, पाट बघितला की मूर्ती कुणाची ते ठरलं. दोन घरांना सारखीच मूर्ती आवडली तरी पाट वेगळे असतात.

तुमच्या प्रत्येक ऑर्डरीला असा पाट हवा, म्हणजे कधीही दुसऱ्याला न मिळणारा एक क्रमांक. नाव पुरत नाही. मोबाइल नंबर जवळपास चालतो, पण एकच ग्राहक दोन ऑर्डरी देतो तेव्हा तोही अपुरा पडतो. शीटमध्ये एक रकाना क्रमांकाचा ठेवा, तो पेटीवर मार्करने लिहा, ग्राहकाच्या मेसेजमध्ये टाका. भाडं, पोच, तक्रार, सगळं त्या क्रमांकाने बोलायचं.

गणपतीच्या शाळेचे काका लगेच म्हणाले, “म्हणजे आम्ही आधीपासून करतो तेच.” तेच.

शीटमध्ये सूत्र लिहिलं, पण नवी ऑर्डर आली की त्या ओळीत सूत्र येतच नाही. असं का?

फॉर्मचं उत्तर आलं की गुगल एक कोरी नवी ओळ घालतं. तुम्ही खाली ओढून ठेवलेलं सूत्र तिला मिळत नाही. दोन उपाय आहेत. एक, वरच्या शीर्षकाच्या ओळीत ॲरेफॉर्म्युला वापरून सूत्र लिहायचं, म्हणजे ते पूर्ण रकान्याला लागू होतं. दुसरा मला जास्त आवडतो: फॉर्मच्या पानाला हातच लावायचा नाही. बाजूला दुसरं पान काढा, तिथे क्वेरी किंवा फिल्टर या सूत्राने हवी ती माहिती ओढून घ्या आणि हिशेब तिथे करा. फॉर्मचं पान म्हणजे मूळ वही. तिच्यात खाडाखोड नाही, ओळी वरखाली करणं नाही, आणि मोसम चालू असताना रकान्याचं नाव बदलणं तर अजिबात नाही. जोडलेली साधनं रकाना नावाने शोधतात. ‘मोबाइल’चं ‘फोन नं.’ केलंत की मागचं काम बंद पडतं.

लाईट गेली तर? माझा फोन बंद असला तर?

फॉर्म तुमच्या फोनमध्ये राहत नाही. तो, शीट आणि त्यामागची कामं गुगलच्या किंवा त्या त्या कंपनीच्या सर्व्हरवर चालतात. जुलैत दोन दिवस लाईट नसली तरी पुण्याचा माणूस फॉर्म भरू शकतो आणि त्याला पोच जाऊ शकते. तुम्हाला ती ऑर्डर लाईट आल्यावर दिसेल, एवढंच.

बागेत किंवा होडीवर रेंजच नाही, तिथे माहिती भरायची आहे.

गुगल फॉर्म नेटशिवाय चालत नाही, त्यामुळे तो इथे बाद. ॲपशीटचं ॲप माहिती फोनमध्ये धरून ठेवतं आणि रेंज आली की वर पाठवतं. दुसरं कोबोटूलबॉक्स. ते मुळात आपत्तीच्या ठिकाणी सर्वेक्षण करणाऱ्यांसाठी तयार झालं आणि त्याचं अँड्रॉइड ॲप नेट नसताना भरता येतं. होडीवरच्या डिझेल-बर्फाच्या नोंदीला किंवा झाडनिहाय फळांच्या नोंदीला ते पुरतं.

एक सांगते. होडीवर ओल्या हाताने कुणी वाक्य लिहिणार नाही. मोठे पर्याय आणि आकडे, बस्स.

काजूच्या कारखान्यात रोज प्रत्येकीचे किलो भरायचे असतात. रोज नाव निवडायला सगळ्या कंटाळतात.

गुगल फॉर्ममध्ये काही उत्तरं आधीच भरलेला दुवा काढता येतो. प्रत्येक कामगार बाईच्या क्रमांकाचा असा दुवा काढा, त्याचा क्यूआर कोड छापून तिच्या टोपलीच्या जागेवर चिकटवा. मुकादम फोन धरतो, क्रमांक आधीच भरलेला असतो, फक्त किलो टाकायचे. आणि संध्याकाळी तो आकडा प्रत्येकीला वाचून दाखवायचा. हे शेवटचं सॉफ्टवेअरमध्ये नसतं, पण त्याशिवाय मजुरीच्या दिवशी भांडण ठरलेलं.

पाहुण्याने फॉर्म भरला म्हणजे खोली बुक झाली का?

नाही, आणि हे फॉर्मच्या पहिल्या ओळीत ठळक लिहा. गुगल फॉर्मला तुमच्या खोल्या रिकाम्या आहेत का ते कळत नाही. दिवाळीच्या सुट्टीत एकाच खोलीसाठी तीन जण भरतील आणि तिघांनाही तो धन्यवाद म्हणेल. तारकर्लीच्या एका वहिनींकडे अशीच दोन कुटुंबं एका रात्री सामानासकट दारात उभी राहिली. एकांना शेजारच्या काकूंकडे ठेवलं, जेवण फुकट दिलं.

मग आम्ही त्यांच्या फॉर्मचं नाव ‘बुकिंग’ होतं ते ‘विचारणा’ केलं. स्थितीच्या रकान्यात चार शब्द ठेवले: विचारणा, आगाऊ आली, पक्की, रद्द. विचारणा आली की ‘मिळाली, संध्याकाळपर्यंत कळवतो’ एवढाच मेल आपोआप जातो. वहिनी स्वतः कॅलेंडर बघतात आणि बँकेत आगाऊ रक्कम दिसली की ‘पक्की’ निवडतात. ते निवडल्यावर मगच कॅलेंडरवर नोंद होते आणि पाहुण्याला नकाशा, जेवणाची वेळ, मासे की शाकाहारी असा मेल जातो. मधली एक पायरी माणसाची आहे, ती मुद्दाम ठेवली आहे.

बाहेरच्या बुकिंग साइटवरही खोल्या असतील तर कॅलेंडर जोडता येतात, पण ते लगेच एकमेकांना कळवत नाहीत, मध्ये वेळ जातो. गर्दीच्या दिवसांत त्यावर विसंबू नका.

पैसे आले की नाही हे आपोआप कळेल का? लोक यूपीआयचा स्क्रीनशॉट पाठवतात.

स्क्रीनशॉट म्हणजे चित्र. चित्र बदलता येतं, मागच्या वर्षीचं पाठवता येतं. त्याऐवजी फॉर्ममध्ये व्यवहाराचा संदर्भ क्रमांक विचारा. यूपीआयचा हा यूटीआर क्रमांक बारा आकडी असतो, त्यामुळे उत्तर बारा अक्षरांचंच हवं अशी अट प्रश्नाला लावता येते. संध्याकाळी बँकेच्या ॲपमधल्या नोंदींशी तो जुळवायचा. दहा-पंधरा व्यवहार असतील तर पाच मिनिटांचं काम.

शंभर व्यवहार असतील तर पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे गोळा करून देणारी सेवा, घ्या. तो पैसे आल्याची खबर स्वतः तुमच्या शीटपर्यंत पोचवू शकतो, अर्थात त्याचं शुल्क असतं.

स्क्रीनशॉट मागायचाच असेल तरी एक अडचण आहे. गुगल फॉर्ममध्ये फाइल चढवायचा प्रश्न घातला की भरणाऱ्याला गुगल खात्यात लॉगिन करावंच लागतं. बरेच जण तिथेच परत फिरतात आणि तुम्हाला वाटतं, यंदा मागणी कमी आहे.

व्हॉट्सॲपवर आपोआप मेसेज पाठवता येतो का? ईमेल कुणी बघत नाही.

येतो, पण नीट समजून घ्या. व्हॉट्सॲप बिझनेस हे फुकट ॲप आहे. त्यात स्वागताचा मेसेज, बाहेर असल्याचा मेसेज, साठवलेली झटपट उत्तरं, ग्राहकांना लावायची लेबलं, मालाचा कॅटलॉग हे सगळं मिळतं. लेबल म्हणजे वहीतला लाल गोलच. फॉर्म भरल्याबरोबर व्हॉट्सॲप जावं असं हवं असेल तर मात्र मेटाची, म्हणजे व्हॉट्सॲपच्या मालक कंपनीची, वेगळी, पैसे पडणारी सेवा घ्यावी लागते. ग्राहकाच्या शेवटच्या मेसेजनंतर २४ तास तुम्ही हवं ते लिहू शकता. त्यानंतर आपण होऊन बोलायचं तर आधी मंजूर करून घेतलेला मजकूरच पाठवता येतो.

‘दोनशे रुपयांत हजार मेसेज’ वाली जुगाड सॉफ्टवेअर घेऊ नका. नंबर बंद होतो, आणि तो नंबर तुमच्या सगळ्या पेट्यांवर छापलेला असतो.

माझा मधला मार्ग असा: शीटमध्ये प्रत्येक ऑर्डरीपुढे हायपरलिंकच्या सूत्राने एक दुवा तयार करायचा. त्यात ग्राहकाचा नंबर, सुरुवातीला देशाचा कोड ९१ लावून, आणि मजकूर आधीच भरलेला. दाबला की व्हॉट्सॲपमध्ये त्या माणसाची खिडकी उघडते, ‘तुमची ऑर्डर क्र. ४१ आज गाडीत टाकली’ असं लिहून तयार असतं. पाठवायचं बटण तुम्ही दाबायचं. तीस मेसेज दहा मिनिटांत होतात, आणि एखाद्या जुन्या ग्राहकाला ‘आईची तब्येत कशी आहे’ एवढं वाढवताही येतं.

आपोआपचं काम चुकलं तर?

माझंच सांगते. सुरुवातीला मी एका होमस्टेसाठी असं लावलं होतं: ओळीत बदल झाला की पाहुण्याला मेल पाठव, आणि पाठवल्यावर त्याच ओळीत ‘पाठवला’ असं लिही. रात्री दहाला चालू केलं आणि झोपले. ‘पाठवला’ हे लिहिणं म्हणजेसुद्धा ओळीतला बदल! दर पंधरा मिनिटांनी साधन शीट बघायचं, बदल दिसायचा, पुन्हा मेल. सकाळी सहापर्यंत पुण्याच्या एका सज्जनांना ‘आपली विचारणा मिळाली’ असे ३२ मेल गेले. त्यांचा फोन आला, “मिळाली हो, एकदा सांगितलंत तरी कळलं असतं.” ते आले नंतर राहायला, पण मला बघून हसत होते.

तेव्हापासून मी नव्या ओळीवरच ट्रिगर लावते, आणि बदलावर लावायचीच झाली तर ‘पाठवलाचा रकाना रिकामा असेल तरच’ ही अट आधी घालते. चालू करण्याआधी तीन खोट्या नोंदी भरायच्या, स्वतःच्या नंबरने: एक नीट, एक अर्धवट, एक अगदी वेड्यासारखी (शून्य डझन, मागच्या वर्षीची तारीख). आणि पहिले दोन दिवस मेल ग्राहकाला न जाता तुम्हालाच येतील असं ठेवा.

रेंज कमी असली की लोक ‘सबमिट’ दोनदा दाबतात, त्यामुळे एकच ऑर्डर दोन ओळींत दिसते. तोच मोबाइल, तेवढेच डझन, पाच मिनिटांचं अंतर असेल तर फोन करून विचारा. स्वतः पुसू नका. एकदा खरंच दोन भावंडांनी एकाच फोनवरून दोन ऑर्डरी दिल्या होत्या.

पाहुण्यांच्या आधार कार्डाचा फोटो फॉर्ममध्ये घेतला तर चालेल?

मी घेऊ देत नाही. ओळखपत्र दारात बघा, नोंद करायची ती करा. प्रत घ्यावीच लागली तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार मागा. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आहे. लोकांची माहिती कशासाठी घेताय ते सांगणं आणि ती सांभाळणं ही जबाबदारी तो तुमच्यावर टाकतो. परदेशी पाहुण्याची गोष्ट वेगळी: त्याची नोंद तो आल्यापासून २४ तासांत सरकारी पोर्टलवर करायची असते, तुमच्या गुगल फॉर्मचा त्याच्याशी संबंध नाही.

दोन खटके आजच तपासा. शीट ‘दुवा असलेल्या कुणालाही’ उघडी आहे का? आणि फॉर्मच्या सेटिंगमध्ये उत्तरांचा सारांश दाखवायचं चालू आहे का? ते चालू असेल तर फॉर्म भरणाऱ्याला आधीच्या सगळ्यांची उत्तरं दिसतात, नंबरांसकट.

फॉर्म भाच्याने करून दिला होता. तो आता पुण्याला नोकरीला आहे. प्रश्न बदलायचा आहे, तो फोन उचलत नाही.

हा प्रश्न महिन्यातून एकदा येतोच. फॉर्म भाच्याच्या जीमेलवर आहे, म्हणजे तुमच्या धंद्याची वही त्याच्या कपाटात आहे. तो सापडला की पहिल्यांदा स्वतःला फॉर्ममध्ये आणि शीटमध्ये संपादक म्हणून जोडून घ्या आणि दोन्हींची प्रत आपल्या खात्यात काढा. धंद्याचं जीमेल वेगळं उघडा, त्याचा रिकव्हरी नंबर घरातल्या चालू फोनचा द्या, दोन पायऱ्यांची पडताळणी लावा. मोसमापुरतंच खातं वापरत असाल तरी अधूनमधून उघडा. दोन वर्षं न वापरलेली खाती गुगल काढून टाकू शकतं.

भाच्यावर रागावू नका. करून दिलं हेच खूप.

मराठी आणि इंग्रजी, दोन फॉर्म करू का?

एकच करा. प्रश्नात मराठी आणि त्याखाली इंग्रजी, दोन्ही लिहा. ‘भाषा निवडा’ विचारून दोन विभाग केलेत तर दिसायला छान, पण उत्तरं वेगवेगळ्या रकान्यांत जातात आणि तुमचे सगळे हिशेब दुप्पट होतात.

खर्च किती?

गुगलवर शून्यापासून. झॅपियरची फुकट योजना महिन्याला शंभर कामांची आणि दोनच पायऱ्यांची आहे. मेक थोडं सढळ आहे. गुगलच्याच ॲप्स स्क्रिप्टने (शीटमागे छोटा कोड चालवायची सोय) मेल पाठवलेत तर साध्या जीमेल खात्यावरून दिवसाला शंभर जणांची मर्यादा आहे. आंब्याच्या ऐन गर्दीत ती अपुरी पडू शकते, एरवी नाही. पैसे भरायचेच असतील तर मोसमाचे तीन महिने भरा आणि बंद करायची तारीख कॅलेंडरात आजच टाका.

आता एआय सगळं करून देतं म्हणतात. मग शिकायचं कशाला?

सूत्र लिहायला, ॲप्स स्क्रिप्टचे चार ओळींचे तुकडे करून घ्यायला ते उत्तम आहे, मीही वापरते. पण तुमच्या वहीतल्या टिंबाचा अर्थ त्याला कोण सांगणार? आणि त्याला शीट दाखवताना ग्राहकांची खरी नावं-नंबर देऊ नका, खोट्या चार ओळी द्या.

काही कामं आपोआप करूच नयेत का?

आहेत. आंब्यात साका निघाला, असा मेसेज आला की त्याला यंत्राचं ‘आपली तक्रार नोंदवली आहे’ जाता कामा नये. बाहेरून बिनडाग दिसलेलं फळ कापल्यावर आत पांढरट निघतं, ग्राहकाला वाटतं फसवलं, आणि बागायतदाराला तरी ते न कापता कुठे दिसणार होतं? अशा वेळी फोन करायचा. शीटने एवढंच करावं: तक्रार आली की तुमचा फोन वाजवावा, आणि त्या ग्राहकाच्या आधीच्या सगळ्या ऑर्डरी समोर ठेवाव्यात. सात वर्षांचा ग्राहक आहे की पहिल्यांदाच घेतलंय, यावर तुमचं बोलणं बदलतं.

रद्द झालेली खोली, आगाऊ परत करणं, दुःखाची बातमी आल्यामुळे न येणं, हेही हातानेच.

वर्ग पावसाळ्यातच का घेता?

जून-जुलैत मासेमारी बंद असते, आंबा संपलेला असतो, पाहुणे थोडे. चतुर्थीची धावपळ सुरू व्हायच्या आधी डोकं आणि खळं दोन्ही रिकामं असतं. तेव्हा केलेला फॉर्म चतुर्थीला मूर्तींच्या ऑर्डरींवर तपासून होतो, दिवाळीत खोल्यांवर, आणि मार्चमध्ये आंब्याला तो तयार असतो. मार्चमध्ये शिकायला येणाऱ्यांना मी परत पाठवते.

येताना काय आणायचं?

वही. गेल्या मोसमाची, खाडाखोडीसकट. नवी, स्वच्छ लिहून आणलेली चालणार नाही. लॅपटॉप नसला तरी हरकत नाही, तीन आहेत, त्यातल्या एकाचं ‘एंटर’ जोरात दाबावं लागतं.